बिनखिळ्याची मूठ

माझ्या बाबांना माझ्या चाकूंचं वावडं नव्हतं. वावडं होतं ते चाकू जिथे बनतात त्या जागेचं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, अगदी रस्त्याला लागून एक गाळा आहे, आणि पनवेलच्या आसपास ज्याच्याकडे रस्त्याला लागून गाळा आहे त्या माणसाला स्वस्थ झोप येत नाही. त्याला सारखं वाटत राहतं, की इथे कसं झकास केकचं दुकान निघालं असतं. बाबांना तर केकचं दुकान काढणारा माणूसही सापडला होता. काशिराम त्याचं नाव. तो अधूनमधून टेप घेऊन यायचा, माझ्या ग्राइंडरशेजारी उभा राहून भिंत मोजायचा आणि "फ्रीज इथे बसेल" असं स्वतःशीच म्हणायचा. मी लगेच ग्राइंडर चालू करायचे आणि ठिणग्या नेमक्या त्याच्या नव्या बुटांकडे जातील अशी उभी राहायचे.

मी समीक्षा. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, कंपनीत जाऊन दुसऱ्यांच्या मशीनवर सह्या केल्या, कंटाळले आणि चाकू करायला बसले. कळंबोलीच्या ट्रक गॅरेजमधून स्प्रिंगचे जुने पाटे आणते, ते कापते, घासते, तापवते आणि त्यांचे स्वयंपाकघरातले चाकू बनवते. हॉटेलवाले नेतात, नावाजतात, पुन्हा येतात. घरात मात्र माझ्या चाकूनं कांदासुद्धा कुणी चिरत नव्हतं. आईची विळी, बाबांचा कोयता, आत्याचा सुपारी कातरायचा अडकित्ता, सगळं आजोबांच्या काळातलं. मला याचा राग यायचा आणि मी तो बोलूनही दाखवायचे, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

अशात माझ्या धाकट्या भावाचं, हृतिकचं लग्न ठरलं. मुलगी नवीन पनवेलची, पूर्वी नावाची, हसायला लागली की थांबायचं नाव न घेणारी. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात सुरी येते, टोकाला लिंबू खोचलेली, आणि लग्न लागेपर्यंत ती सुरी त्यानं सोडायची नसते. जेवताना मांडीवर, झोपताना उशाखाली, नाचताना तर हातात असतेच. आमच्या घरचीही एक जुनी सुरी होती. काकाच्या लग्नात तिच्या मुठीतला खिळा वर आला आणि ऐन मंगलाष्टकांत त्याच्या तळव्यात घुसला. लग्नाच्या प्रत्येक फोटोत काकाच्या हाताला रुमाल आहे आणि चेहरा पोलिसांनी पकडून आणल्यासारखा. शकू आत्यानं दुसऱ्याच दिवशी ती सुरी खाडीत टाकून दिली, आणि मग आमच्यातले नवरदेव बाजारातली चकचकीत पितळी सुरी हातात धरायला लागले, जिच्यानं धड लिंबूही कापलं जात नाही.

मी म्हटलं, हृतिकची सुरी मी करणार. जेवणं चालू होती. आत्यानं आधी आईकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबांनी माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि त्यांच्या मनात बहुधा कधीचं घोळत होतं ते बोलले.

"कर. पन मुठीला खिळा नाय, एक बी नाय. परत रगात नको. लगीन लागंपर्यंत मूठ टिकली तर गाळा तुजा, मी त्याचं नाव बी काडनार नाय. आनि सुटली, तर काशिरामाला चावी."

मी ताटावरच हो म्हटलं. आता मुठीचं कसं असतं ते सांगते. पात्याचं शेपूट मुठीत जातं, त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या पट्ट्या बसवतात आणि खिळे ठोकून पक्क्या करतात. खिळे काढून टाकले, तर लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये उरतं ते फक्त इपॉक्सी. दोन नळ्यांतलं सारख्या मापानं घेऊन कालवायचं, लावायचं, क्लॅम्पच्या चिमट्यात दाबून ठेवायचं. म्हणजे माझा गाळा, माझं ग्राइंडर, माझं सगळं आयुष्य एका चिकट थराच्या भरवशावर लोंबकळायला लागलं होतं. मला त्याची जराही भीती वाटली नाही, उलट इतका आनंद झाला, की मी हात धुवायला गेले ती शिट्टी वाजवत.

सुरीचं पातं छान उतरलं. मुठीला फणसाचं लाकूड घेतलं, कारण ते मुळातच हळदीच्या रंगाचं असतं. संध्याकाळी लोखंडाची मुठीकडची बाजू पॉलिश पेपरनं खरबरीत करायची, पुसायची, सुती फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि सकाळी नाश्ता करून ताज्या हातानं चिकटवायची, अशी माझी पद्धत. आणि एक गोष्ट मी अभिमानानं सगळ्यांना सांगत होते, की बघा, आपल्या खारट हवेत उघडं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं, पण माझ्या लोखंडाला गंजाचा ठिपका नाही. तापवण्याची किमया, म्हटलं. काशिरामलासुद्धा सांगितलं.

इपॉक्सी आणायला जुन्या पनवेलच्या बाजारात मितेशच्या हार्डवेअरमध्ये गेले. मितेशच्या दुकानात चिकटवण्याच्या इतक्या वस्तू आहेत, की त्याला वाटतं जगात जे काही सुटं आहे ते केवळ लोकांच्या आळसामुळे. त्यानं पाच मिनिटांत वाळणारं काढून दिलं. मला हवी होती घाई, तीही त्यानं डबीत भरून दिली होती. सकाळी चिकटवलं, दुपारी मूठ दगडासारखी. संध्याकाळी हृतिकनं हळदीच्या नाचाची तालीम म्हणून सुरी डोक्यावर धरून एक गिरकी घेतली. अर्धी मूठ सुटली, हवेत गेली आणि शकू आत्याच्या चहात पडली. नवरीमुलगी, पूर्वी, तेव्हा आमच्याकडे आलेली होती. ती सोफ्यावरून खाली घसरली आणि खालीच हसत राहिली.

दुसऱ्याच दिवशी काशिराम टेप घेऊन आला.

मग मी अभ्यास केला. परदेशातले दाढीवाले चाकूवाले आहेत, ते व्हिडिओत शपथेवर सांगतात, की पाच मिनिटांचं खेळण्याला ठीक, चाकूला चोवीस तासांचं घ्या, सावकाश वाळतं ते पक्कं धरतं. पटलं. पुन्हा मितेशकडे. त्यालाही पटलं, त्याला काहीही पटतं. चोवीस तासांचं लावलं, क्लॅम्प लावला, तोही बेतानंच, कारण फार आवळलं तर सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि जोडात काही उरत नाही. घरातल्या सगळ्यांना बजावलं, की हात लावायचा नाही. ज्यानं त्यानं येऊन "वाळलं का गं?" म्हणून बोट लावून पाहिलं, पण ते सोडा. तिसऱ्या दिवशी बाबा आले आणि लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये त्यांनी अंगठ्याचं नख घातलं. पट्टी सुटून त्यांच्या हातात आली. बाबांनाच कसंतरी झालं. ते म्हणाले, राहू दे, लग्नाला अजून वेळ आहे. बाबांनी माझी कीव केलेली मला केकच्या दुकानापेक्षा जास्त झोंबली.

तिसऱ्या वेळी मितेश टेबलाखाली वाकला आणि एक लांबट बाटली काढली. बाहेरदेशची, त्याच्या सांगण्याप्रमाणे होड्या जोडायची. घरी येईपर्यंत मी ती रिक्षात मांडीवर घेऊन बसले होते. ती मूठ तर सगळ्यांत देखणी सुटली. गार झालेल्या ताटातली वडी सुटते तशी अलगद, लाकडाला इपॉक्सीचा गुळगुळीत थर तसाच आणि लोखंडाला नावालाही काही नाही.

आता घर पेटलं. आत्या म्हणाली, दृष्ट लागली, काशिरामचीच. तिनं मीठ-मोहरी घेऊन सुरीची दृष्ट काढली, मग माझी काढली, मग गाळ्याची, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका पोस्टमनचीही काढली, कारण तो मध्ये आला. हृतिकचे मित्र म्हणाले, फरशीवाल्याचं इपॉक्सी लावा, मार्बल भिंतीवर टांगून राहतो तर मूठ का नाही राहणार. नवरीमुलीच्या, पूर्वीच्या, बाबांनी फोन करून डेंटिस्टकडचं सिमेंट सुचवलं. मी रागानं इतकी फुगले होते, की पूर्वी मला बघून दाराबाहेर जाऊन हसून यायची.

शेवटी मी डोकं ताळ्यावर आणलं आणि म्हटलं, एकदाच काय तो निकाल लावू. त्याच पाट्याचे तुकडे कापले, प्रत्येकाला फणसाची पट्टी लावली, प्रत्येक जोड वेगळ्या इपॉक्सीनं. पाच मिनिटांचं, चोवीस तासांचं, होडीवालं, फरशीवालं. गच्चीवर चिकटवले आणि गच्चीवरच ठेवले, खाली कुणी बोटं लावू नयेत म्हणून. नीट वाळल्यावर परीक्षा घेतली. हातोडीनं मारले. पाण्यात उकळले, त्यासाठी आईचं वरणाचं भांडं घेतलं म्हणून शिव्या खाल्ल्या. मग एका जोडाला दोर बांधून तो टाकीच्या पाइपाला लटकवला आणि हृतिकला लोंबकळायला लावलं. नवरामुलगा गच्चीवर पाय वर घेऊन झोके घेतोय आणि खालून शेजारी विचारतायत, लग्न मोडलं का म्हणून.

एकही जोड सुटला नाही. पाच मिनिटांचंही नाही. चोवीस तासांचं तर इतकं घट्ट, की छिन्नी घातल्यावर लाकूड फाटलं पण जोड हलला नाही.

तेच लोखंड, तेच लाकूड, तेच इपॉक्सी. गच्चीवर धरतं आणि गाळ्यात सुटतं. तीन पायऱ्या एकदम उतरत गाळ्यात गेले, सुटलेल्या मुठीची पट्टी उचलली, उजेडात धरली. काही दिसेना. मग सुचेल तसं नाकाशी नेली. आणि तो वास मला लहानपणापासून माहीत होता. फणसाचा नव्हता, इपॉक्सीचाही नव्हता. आईच्या केसांचा होता.

आई स्वयंपाकघरात कोळंबी सोलत होती. मी पट्टी तिच्यासमोर धरली आणि विचारलं, की तू सुरीला खोबरेल लावतेस का? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारलं होतं, की तू रोज जेवतेस का?

"लावते मंग. सकालची अगरबत्ती फिरवायला जाते गाळ्यान, तवा लावते. लोकंड कोरडं ठेवतात काय कदी? फडकं सोडते, तेलाचं बोट फिरवते, परत गुंडाळते. पोराच्या हातान जायाची हाय ती. गंज चडला असता तर लोक तुलाच बोलले असते, बाय."

गंज न चढणारं माझं लोखंड. माझी किमया. मी हसायला लागले ते आवरेना, आणि आईला वाटलं मी रडतेय, म्हणून तिनं कोळंबीच्या हातानंच मला जवळ घेतलं. मग मी थोडीशी रडलेही. माझ्या चाकूनं या घरात कुणी कांदा चिरत नाही म्हणून मी इतकी वर्षं कुरकुरत होते, आणि ही बाई रोज सकाळी देवांनंतर लगेच माझ्या गाळ्यात येऊन तिथल्या एकूण एक पात्यावरून तेलाचं बोट फिरवत होती. मला तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की तिच्यावर रागावायचं होतं तेच राहून गेलं.

पण तेलावर जगातलं कुठलंही इपॉक्सी धरत नाही, हे तिला समजावून सांगावं लागलं. तिच्या ते फारच मनाला लागलं. आपल्यामुळे बाबा काशिरामला चावी देणार होते, हे लक्षात आल्यावर तिनं कोळंबी तशीच सोडली आणि बाबांना जाऊन सांगते म्हणाली. मी तिला अडवलं. पैज मुठीची होती, कारणांची नव्हती.

हळदीला मोजून दोन दिवस उरले होते. होडीवालं बाजूला ठेवलं, फरशीवालं बाजूला ठेवलं, मितेशचं साधं चोवीस तासांचं घेतलं. लोखंड पुन्हा खरबरीत केलं, थिनरनं पुसलं, दुसऱ्या फडक्यानं पुन्हा पुसलं, आणि फडकं कोरं निघेपर्यंत पुसत राहिले. रात्रभर ठेवणं नाही, नाश्ता नाही, तिथल्या तिथे चिकटवलं. क्लॅम्प लावला, शटर ओढलं आणि चावी गळ्यात घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं शटरच्या बाहेरून अगरबत्ती ओवाळली.

हळदीच्या दिवशी मांडवात सुरी बाहेर काढली तेव्हा सगळ्यांत आधी ती आईच्या हातात दिली. म्हटलं, आता लाव, पाहिजे तेवढं लाव. तिनं पात्याला, मुठीला, लिंबालाही तेल लावलं आणि मग हृतिकच्या हातात दिली.

पैजेची बातमी तोवर गावभर झालेली. आलेला प्रत्येक पाहुणा आधी नवरदेवाला हळद लावायचा आणि मग मूठ ओढून बघायचा. मामा ओढून गेले, मामांचे व्याही ओढून गेले, डीजेवाला दोन गाण्यांच्या मध्ये खाली उतरून ओढून गेला. काकानं तर जुना हिशेब असल्यासारखी ओढली. काशिराम आला होता, तो पाय रोवून ओढत होता, आणि हृतिक दुसऱ्या टोकाला हळदीनं माखलेला उभा, सोडायची नाही म्हणून दोन्ही हातांनी फडक्यात गुंडाळलेलं पातं सांभाळत. मूठ हलली नाही. मी नाचले. मला नाचता येत नाही, तरी नाचले, आणि बाबा लांब खुर्चीवर बसून माझ्याकडे न बघितल्यासारखं करत होते.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारात गाडी थांबली. मित्रांनी हृतिकला उचलायचं ठरवलं होतं. तो गाडीतून उतरतोय तोच त्याला खांद्यावर घेतलं, त्याचा तोल गेला, आणि सुरी त्याच्या हातातून निसटून खाली पडली. ड्रायव्हरला काही दिसलं नाही. त्यानं गाडी मागे घेतली. चाक मुठीवरून गेलं.

बँड वाजायचा थांबला. लिंबू घरंगळत आत्याच्या पायाशी गेलं. आत्यानं तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, मूठ गेली, अपशकून झाला. मला पुढे व्हावंसंच वाटेना. हृतिक मित्रांच्या खांद्यावर तसाच, खाली उतरू की नको हे न कळून. पूर्वी हॉलच्या दारात आली होती, आणि पहिल्यांदाच ती हसत नव्हती.

बाबांनी सुरी उचलली. एका बाजूचं लाकूड लांबीत फाटलं होतं, त्याची ढलपी निघून रस्त्यावर पडली होती. बाबा खिशातला चष्मा काढून, तो लावून, बराच वेळ बघत राहिले. फाटलेल्या लाकडाच्या आत, लोखंडाला लागून, पिवळा थर तसाच होता. त्यांनी तिथे अंगठ्याचं नख घातलं. पुन्हा घातलं. जोर लावला. नख मोडलं.

काशिराम शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, की महादेवशेट, मूठ तर तुटली.

"लाकूड फुटलं," बाबा म्हणाले. "गाडी गेली वरशी, फुटनारच. जोड बग. माज्या पोरीचा जोड जिथला तिथं हाय."

मग त्यांनी डोक्याचा फेटा काढला, पोराच्या लग्नात, सगळ्या वऱ्हाडासमोर. त्याची पट्टी फाडून मुठीला घट्ट गुंडाळली, म्हणजे कुसळ लागून हृतिकच्या हाताला रक्त येऊ नये. लिंबू आत्याकडून मागून घेतलं, खोचलं आणि सुरी हृतिकच्या हातात दिली. बोडक्या डोक्यानं ते बँडवाल्यांकडे वळले आणि वाजवा म्हणाले. लग्नाच्या प्रत्येक फोटोत बाबा बिनफेट्याचे आहेत आणि माझ्या बाजूला उभे आहेत.

लग्नानंतरची पूजा आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी मी शटर उघडलं तर बाबा आले. हातात त्यांचा जुना कोयता, दांडा खिळखिळा झालेला. तो माझ्या टेबलावर ठेवला आणि गेले. मागोमाग आई आली, अगरबत्ती आणि तेलाची वाटी घेऊन. मी कोयत्याचं लोखंड घासलं, पुसलं, पुन्हा पुसलं, इपॉक्सी कालवून दांडा बसवला आणि क्लॅम्प लावला. आई वाटी हातात धरून बघत होती.

"झालं? आता लावू?"

"चोवीस तास थांब, आई."

तिनं स्टूल ओढलं, काशिरामचा फ्रीज जिथे बसणार होता तिथे ठेवलं आणि वाटी मांडीवर घेऊन बसून राहिली.